जवारी काढ

बेहाला, कलकत्ता
ता. ९ जानेवारी १९७२

श्यामराव,

दोन वर्षांनी पत्र लिहितो आहे, तेव्हा आधी पोटभर शिव्या देऊन घे आणि मग पुढे वाच. मी चौथी शिकलेला माणूस. कागद समोर घेतला की मला घाम फुटतो. मालती होती तोवर ती लिहायची आणि मी खाली सही करायचो. तिला जाऊन आता चार वर्षं होतील.

इकडची लढाई संपली. डिसेंबरात खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, ते शेजाऱ्यांनी केव्हाच काढले. मी अजून ठेवलेत. पुन्हा लागले तर कुठे शोधत बसू? वृंदा म्हणते, बाबा, घरात दिवसा दिवा लावावा लागतो. लागू दे. तशी वीज तरी कुठे धड असते?

तुला वाटत असेल, पियानोचं दुकान बंद पडल्यावर दत्ता खाटेवर पडून असेल. तसं नाही. मागच्या व्हरांड्यात मी गिटारी करतो. विजेच्या. हसू नकोस. आजवर अकरा केल्या. इथे पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत बँड वाजतात. परदेशी वाद्यं त्या पोरांना मिळत नाहीत, म्हणून कोणीतरी त्यांना सांगितलं की बेहाल्यात पियानोवाला एक म्हातारा आहे. त्या दिवसापासून माझी सुटका नाही.

या वाद्याला भोपळा नाही. पोकळीच नाही. भरीव लाकूड, दाराच्या फळीसारखं. खरं म्हणजे दाराचंच असतं. जुनी घरं पाडतात, तिथला साग मी आणतो. तार छेडली तर डास गुणगुणल्याएवढा आवाज येतो. तारांखाली लोहचुंबक असतं, त्याला केसापेक्षा बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली. मालतीच्या शिवणाच्या मशीनच्या चाकावर ती मी गुंडाळतो. तिथून वायर एका पेटीत जाते आणि ती पेटी ओरडते. मिरजेला आपल्याला तंबोरे करायला शिकवणाऱ्या वस्तादांनी हे पाहिलं असतं तर मला कान धरून दुकानाबाहेर उभं केलं असतं.

आता कामाचं. एका गिऱ्हाइकाला बेस हवा आहे. बेस म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. सगळा खर्जच. हे गिऱ्हाईक ज्याचा बेस मागून वाजवायचं, तो माणूस डिसेंबरात ऑस्ट्रेलियाला गेला आणि बेस घेऊन गेला. यांच्या बँडला दार्जिलिंगच्या एका हॉटेलात उन्हाळ्याचे तीन महिने वाजवायचं आहे. तेरा एप्रिलला निघायचं. तोवर बेस झाला नाही, तर हॉटेल दुसरा बँड बोलावणार.

बेस झाला आहे. पण हात लहानपणी तंबोऱ्यावर बसलेला, त्यामुळे तारा टेकतात ती घोडी माझ्याकडून रुंद झाली. तार तिला घासते आणि झणझणते. गिऱ्हाईक म्हणतं, हे नको, आवाज कोरडा पाहिजे, ढोलासारखा. काय करावं ते लिही. मला काही सुचत नाही. शिवाय मान वाकेल अशी भीती वाटते. शिवाय फळीच्या कडेला एक बारीक भोक दिसलं, ते भुंग्याचं असेल का? शिवाय चार दिवस पोट साफ नाही.

लवकर लिही.

तुझा
दत्ता


मिरज
२० जानेवारी १९७२

दत्त्या,

शिव्या देऊन झाल्या. कार्डावर मावणार नाहीत म्हणून तोंडी दिल्या, घरच्यांनी ऐकल्या.

भोपळ्याशिवाय वाद्य! पोटच नाही तर ते ओरडणार नाही तर काय करणार? असो. तुझं पोट आणि भुंगा यांवर माझ्याकडे उपाय नाही. मान वाकायची असती तर आत्तापर्यंत वाकली असती.

घोडीचं एवढं काय घेऊन बसलास? जवारी काढ, म्हणजे गिऱ्हाईक गप्प बसेल. आठ दिवसांचं काम नाही.

आमचा पोरगा श्रीकांत साखर कारखान्यात आहे, खुशाल आहे म्हणतात. दुकानात मी एकटाच. माझी तब्येत उत्तम. वृंदाला आशीर्वाद. तिचं लग्नाचं काही?

श्यामराव


बेहाला
ता. २७ फेब्रुवारी १९७२

श्यामराव,

उशीर झाला, पण रिकामा बसलो नव्हतो. तू लिहिलंस तसं केलं. जवारी काढली.

आठ दिवसांचं काम नाही म्हणालास, मला एकोणीस लागले. तुला आठवतं, मी नाटक कंपनीच्या ऑर्गनबरोबर मिरज सोडली तेव्हा वस्तादांनी मला सांबराच्या शिंगाचा एक तुकडा दिला होता? चौतीस साली. म्हणाले होते, दत्ता, एखादं वाद्य असं येईल की तुला वाटेल आता हा वापरावा. अडतीस वर्षं तो मी जपला. पियानोच्या दुकानात त्याचा काय उपयोग? तोच घेतला. त्याची घोडी कापली. कानस, मग काचेचा तुकडा, मग बारीक कागद. दिवसाउजेडीच काम करायचो, कारण उजव्या डोळ्यापुढे हल्ली धुकं येतं. फार नाही. एका वेळी एकच तार चढवायची, घोडीवर सूत सरकवत न्यायचं आणि ऐकायचं. हात विसरला असेल अशी धास्ती होती. विसरला नाही, श्यामराव. नवव्या दिवशी खालच्या तारेतून तो आवाज आला. तार थांबली तरी आवाज थांबेना. मी व्हरांड्यात एकटाच रडलो. म्हातारपणी डोळ्यांना पाणी येतंच, तसं.

चारही तारा झाल्यावर गिऱ्हाइकाला बोलावलं. बरोबर त्यांचा तो ढोल वाजवणारा डेरिक होता. पेटीला वायर लावली. पहिली तार छेडल्याबरोबर डेरिक खुर्चीवरून उठला. म्हणाला, "अंकल, ये तो सितार का बाप है!" आणि पोट धरून हसायला लागला. गिऱ्हाईक हसलं नाही. दोन्ही हात तारांवर दाबून उभं राहिलं. म्हणालं, "बाबा, हे काय केलंत? मी नको म्हटलं ते काढायचं होतं, तुम्ही तर तेच आणखी घातलंत!"

मी म्हटलं, मिरजेहून तसं आलं आहे. वस्तादांच्या गादीवरून आलेला शब्द. चहा न पिता दोघं बाहेर गेली.

आता तू सांग, यात माझी काय चूक? कार्ड माझ्याजवळ आहे. स्वच्छ लिहिलं आहेस, जवारी काढ. आता ही घोडी उतरवायची तर दुसरी करावी लागणार, तिला आणखी एवढेच दिवस जाणार. मला वाटतं एप्रिलपर्यंत होणार नाही. नाइलाज आहे.

मान अजून वाकलेली नाही. भोक भुंग्याचं नव्हतं, खिळ्याचं होतं.

दत्ता


मिरज
८ मार्च १९७२

दत्त्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

आधी माझी चूक. आपल्या दुकानात 'जवारी काढ' म्हटलं की पोरगा कानस घेऊन बसायचा. जवारी काढायची म्हणजे घोडी घासून तारेतून तो झंकार बाहेर आणायचा. हे तुला ठाऊक, मला ठाऊक. पण मी म्हटलं, हा माणूस अडतीस वर्षं कलकत्त्यात, साहेबाच्या पियानोत आणि बंगाल्यांत. आपली दुकानातली भाषा याच्या डोक्यात कुठली राहायला? म्हणून मी साध्या माणसाला लिहावं तसं लिहिलं. काढ म्हणजे काढून टाक. खरवडून सपाट कर. दगडाला कळलं असतं.

मी तुझ्यासाठी भाषा बदलली आणि तू माझ्यासाठी जुनी जपून ठेवलीस. दोघंही शहाणे.

आता दुसरं. कलकत्त्यात गिऱ्हाइकं तुला अंकल म्हणतात, दादा म्हणत असतील, मिस्त्री म्हणत असतील. पण 'बाबा' म्हणणारं गिऱ्हाईक कोणतं रे? आणि तेही मराठीत? पहिल्यापासून बघतोय, ते म्हणतं, ते आलं, ते हसलं नाही. आपल्या भाषेत गिऱ्हाईक ना पुरुष ना बाई, त्याच्या आड तू बरा लपलास.

वृंदा बेस वाजवते का?

वाजवत असेल तर मला सांगायला काय झालं होतं? मी काय मिरजेत दवंडी पिटणार होतो?

श्यामराव


बेहाला
ता. १९ मार्च १९७२

श्यामराव,

वाजवते. तीन वर्षं झाली.

तुला सांगितलं नाही, कारण तू लग्नाचं विचारतोस. सगळेच विचारतात. इथल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलो तरी विचारतात. त्यांना काय सांगू, माझी मुलगी चार तारांचं लाकूड गळ्यात अडकवून हॉटेलात उभी राहते? ती शाळेत शिकवते एवढंच मी सांगतो. ते खोटं नाही, दुपारपर्यंत शिकवतेच.

चूक माझीच आहे. मालती गेली तेव्हा वृंदा एकोणीस वर्षांची होती. घरात कोणी बोलेना. मी एक मोडकी गिटार दुरुस्तीला आणली होती, ती तिने उचलली आणि जाड तारेवर बोट ठेवून बसली. एकच सूर, तासभर. मला बरं वाटलं. घरात काहीतरी वाजत होतं. मग मीच तिला बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. चुंबकाला तार गुंडाळताना मशीनचं चाक ती फिरवायची आणि मी मोजायचो. मोजताना मी चुकलो की ती बंगालीत हसायची. तिला मराठी बोलता येतं, पण रागावायचं आणि हसायचं असलं की ती बंगालीतच शिरते.

गेली दोन वर्षं इथे कशी गेली ते तुला कळणार नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाँब फुटायचे. वृंदा संध्याकाळी सरावाला गेली की मी दाराशी स्टूल टाकून बसायचो. ट्रामचा खडखडाट ऐकून कळायचं की रस्ता चालू आहे. तिची चप्पल ओळखू आली की आत जाऊन काम करत असल्यासारखं दाखवायचो. आता जरा शांत आहे, तर ही डोंगरावर निघाली. तीन महिने. आणि तिथे आवडलं तर? बेस घेऊन डेरिकचा भाऊ गेला ऑस्ट्रेलियाला. एकेक करून सगळे जातात. मी दाराशी कोणासाठी बसू?

परवा आमचं बोलणं झालं ते लिहितो. ती म्हणाली, "बाबा, दुसरी घोडी कधी होणार?"

मी म्हटलं, "पितळ चांगलं मिळत नाही."

"मी आणलं आहे. पितळची पट्टी. टेबलवर आहे."

"वीज नसते."

"कानस विजेवर चालते?"

मी म्हटलं, "लाकूड अजून ओलं आहे. डोंगरावर नेलंस तर मान वाकेल."

तेव्हा ती माझ्यासमोर बसली. म्हणाली, "बाबा, मी लाकूडची गोष्ट नाही विचारत. तुम्हाला मी जायला पाहिजे की नको?"

मी कानस पुसायला घेतली. ती म्हणाली, "नको असेल तर नको म्हणा. मग मी भांडीन. घोडीशी कसं भांडू?"

मी उठून चहा ठेवला, दुसरं काय करणार? चौथी शिकलेला माणूस.

श्यामराव, तुझ्याकडे एक मागतो. ती तुझा मान ठेवते, लहानपणी तू पाठवलेला चिमणा तंबोरा अजून तिच्या कपाटावर आहे. तू तिला एक पत्र लिही. लिही की डोंगराच्या हवेत नवं वाद्य टिकत नाही, वर्षभर घरात मुरू द्यावं लागतं. तू कारागीर आहेस, तुझं ऐकेल. पुढच्या वर्षी जाऊ दे की. मी कुठे कायमचं अडवतो?

एवढं कर.

तुझा
दत्ता


मिरज
२७ मार्च १९७२

दत्ता,

असलं पत्र मी लिहिणार नाही. माझे तंबोरे नव्या लाकडाचे काश्मीरपर्यंत गेले. खोटं लिहायला हात धजत नाही, आणि हाताला तसंही काम झेपत नाही. तब्येत उत्तम असं लिहिलं होतं ते सोडून दे. उजवा अंगठा सारखा थरथरतो. वर्ष झालं, मी जवारी काढलेली नाही. गिऱ्हाइकं तंबोरे परत घेऊन जातात.

श्रीकांत निघाला तेव्हा मी त्याच्या ट्रंकेची किल्ली लपवली होती. तीन दिवस घरभर शोधाशोध, मीही त्यांच्याबरोबर शोधत होतो. चौथ्या दिवशी तो ट्रंक इथेच टाकून गेला. अजून इथेच आहे. तिच्यावर मी तंबोऱ्यांच्या खोळी रचून ठेवतो. किल्ली माझ्या जानव्याला आहे. तो दिवाळीला येतो, पण ट्रंक मागत नाही. त्याने मागावी म्हणून मी सहा वर्षं वाट बघतोय.

एकच विचारतो. माझं कार्ड तुझ्या हातात पडलं तेव्हा तुला काय समजलं होतं? वस्तादांपुढे उभा आहेस असं समजून लिही.

श्यामराव


बेहाला
ता. ९ एप्रिल १९७२

श्यामराव,

मला समजलं होतं.

कार्ड मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझं म्हणणं सरळ कळलं. झणझण नको म्हणून मी विचारलं, तर ती काढून टाक असंच तू सांगणार. दगडाला कळलं असतं म्हणालास, तसं मलाही कळलं. मग मी चष्मा पुसला आणि दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मी वस्तादांच्या दुकानात जाऊन बसलो होतो. तिथे त्या दोन शब्दांचा दुसरा अर्थ होता. तोही खोटा नव्हता. मी तो घेतला आणि शिंगाचा तुकडा शोधायला उठलो.

मला अशी चूक हवी होती, जिच्यासाठी मला कोणी बोल लावू शकणार नाही. अडतीस वर्षं जपलेलं शिंग मी त्यासाठी वापरलं. वस्ताद म्हणाले होते, योग्य वाद्य येईल तेव्हा वापर. मी ते पोरीच्या पायात खोडा घालायला वापरलं. आणि खरं सांगू, ते एकोणीस दिवस मी जितका सुखात होतो तितका मालती गेल्यापासून नव्हतो. काम चांगलं झालं होतं रे. हेच मला गिळवत नाही. काम चांगलं झालं होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारी वृंदा शाळेतून आली. मी तिला तुझं कार्ड दाखवलं आणि दोन्ही अर्थ सांगितले. तिला पहिल्यांदा कळेना. "काढ म्हणजे काढ ना, बाबा? रिमूव्ह?" मी म्हटलं, आमच्या दुकानात तसं नाही, आणि वस्तादांचा पोरगा कानस घेऊन कसा बसायचा ते तिला बसून दाखवलं. मग मी म्हटलं, "पण मला खरा अर्थ माहीत होता."

ती आत गेली. मला वाटलं, आता बंगालीत सुरू होईल. नाही झाली. पेचकस घेऊन बाहेर आली, बेस मांडीवर घेतला आणि मला विचारलं, "मग आता काढू?"

मी म्हटलं, "काढ."

तिने दोन स्क्रू फिरवले. शिंगाची घोडी तिच्या हातात आली. तिने ती उजेडात धरून बघितली, बोट फिरवलं आणि माझ्या हातात दिली. मी ती मालतीच्या मशीनच्या खणात टाकली.

पितळी घोडी मी चार दिवसांत केली. त्याच दोन भोकांवर बसते. धार बारीक, तार एका रेघेवर टेकते. आवाज कोरडा येतो, ढोलासारखा. डेरिक येऊन ऐकून गेला. म्हणाला, अंकल, पर्फेक्ट. माझ्या कानाला मेल्यासारखा लागतो, पण मला कोण विचारतो, आणि विचारूही नये.

गुरुवारी निघतात. स्वेटर दोन दिले आहेत. ती तिसरा घेत नाही. तिथे पाणी कसं असेल? गाडी पहाडात घसरते असं शेजारचे बाबू म्हणत होते. हे तिला सांगितलं नाही.

तू किल्ली पाठवून दे. मागायची वाट बघू नकोस.

दत्ता


बेहाला
ता. १४ मे १९७२

श्यामराव,

तू किल्ली कारखान्यावर पाठवलीस हे वाचलं. उत्तर आलं नाही म्हणतोस. येईल. टपाल हल्ली मंद झालं आहे.

मी सियालदाला गेलो होतो. फलाटावर मी तिला सांगत होतो की बेस आडवा ठेवू नकोस, उभा ठेव, आणि ती म्हणत होती, हो बाबा, हो बाबा. गाडी सुटल्यावर लक्षात आलं की उलट सांगितलं. आडवाच ठेवायचा असतो. तिला ते माहीत आहे, तिने आडवाच ठेवला होता.

घरी येऊन मी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी काचांचे काळे कागद काढले. मग मला ती शिंगाची घोडी बघावीशी वाटली. मशीनचा खण उघडला तर घोडी नाही. सुया आहेत, बटणं आहेत, मालतीचं अंगुस्तान आहे, घोडी नाही. मी सगळा खण उपडा केला. व्हरांडा झाडला. भुसा चाळला. उंदराने नेली असेल असं वाटलं. शिंग आहे, उंदीर कुरतडतो. अडतीस वर्षं जपलेली वस्तू मी खणात टाकून दिली, त्याला कुलूपसुद्धा लावलं नाही. आठ दिवस झोप नाही. डोळ्यातलं धुकं वाढलं आहे, दवाखान्यात दाखवलं. पावसाळ्यानंतर ऑपरेशन करू म्हणतात. तुला काळजी नको म्हणून आधी फारसं लिहिलं नव्हतं.

काल वृंदाचं पत्र आलं. मराठीत लिहिलं आहे, पहिल्यांदाच. शेजारच्या बाबूंना मराठी येत नाही आणि मला धूसर दिसतं, त्यामुळे दारात उजेडात बसून एकेक अक्षर लावलं. जसं आहे तसं तुला उतरवून देतो.

"बाबा, मी चांगला आहे. इथे थंडी खूप पडतो. स्वेटर दोन पुरत नाही, तुम्ही बरोबर होता. हॉटेलचा जेवण बरा. लोक रोज नाचतात. बेसचा आवाज सगळ्यांना आवडला. मान वाकली नाही. मी रोज बघते. इथे रस्त्यावर खरी घोडी पण आहे, मुलं वर बसतात, मला हसू आला. सोमवारी वाजवायचं नसतं. सगळे फिरायला जातात. त्या दिवशी मी खोलीत एकटी बसून जवारी काढते. चिंता करू नका. तुमची वृंदा."

श्यामराव, म्हणजे घोडी तिने नेली. विचारलं नाही, सांगितलं नाही, खण उघडला आणि नेली. आता सोमवारी ट्रंकेतून काढते, पितळी उतरवते, शिंगाची चढवते आणि त्या थंडीत एकटी बसून ते ऐकते. कोणता अर्थ धरून तिने तो शब्द लिहिला, ते मला कळत नाही. ट्रंकेतून काढते म्हणून लिहिला, की आपल्या दुकानात काढायचो तसं काढते म्हणून?

त्या पोरीला अजून लिंग-वचन येत नाही. जेवण बरा, थंडी पडतो. मी पत्रावर पेन्सिलीने चुका खुणावत बसलो होतो, उद्या उत्तर लिहिताना दुरुस्त करून पाठवाव्या म्हणून. सोमवारच्या ओळीशी आलो. दहा वेळा वाचली. तिथे पेन्सिल टेकवायला मला जागा सापडली नाही.

तुझा
दत्ता